पन्नासच्या विजेवर साठचं यंत्र: मामांच्या रॉक रेकॉर्ड्स उतरवून घेतानाच्या नोंदी

ज्यांच्या घरी परदेशातून आणलेला जुना टर्नटेबल पडून आहे, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. माझे मामा १९७४ साली शिकायला अमेरिकेत गेले आणि १९८१ साली पुण्याला परतले. येताना बेल्टवर चालणारा टर्नटेबल आणि तीसेक रेकॉर्ड्स घेऊन आले. काम एवढंच ठरलं होतं: यंत्र चालू करायचं आणि त्यांच्या जिवाभावाच्या पाच रेकॉर्ड्स संगणकावर नीट उतरवून द्यायच्या. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, बीटल्सचे 'सार्जंट पेपर' आणि 'अ‍ॅबी रोड', आणि फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स'. मामा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन रविवारांत उरकेल असं वाटलं होतं, तीन महिन्यांहून जास्त लागले. यंत्राच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष यंत्रात नव्हताच.

९ नोव्हेंबर

खोकं माळ्यावरून उतरवलं. मामा खालून सांगत होते, "अगं, ते चालतं. पण बरोबर चालत नाही. इथली हवा त्याला मानवली नाही." परत आल्यावर जेमतेम महिनाभर वाजवून त्यांनी ते बांधून ठेवलं होतं.

बेल्टचं डांबर झालं होतं. मोटरवरच्या पुलीवर (छोट्या चाकावर) आणि प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या, आतल्या कडेला काळा चिकट थर. रॉकेलनं पुसायला गेले, तो अजून पसरला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनच्या चिंध्यांनी दीड तासात निघाला. बेअरिंगमधल्या तेलाचा गोंद झाला होता. तो पुसून शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब घातले. प्लॅटर हातानं फिरवून सोडला तर आता बराच वेळ फिरत राहतो. आधी दोन फेऱ्यांत थांबायचा.

बेल्टचं माप दोऱ्यानं घेऊन ऑनलाइन मागवला.

२३ नोव्हेंबर

पहिला बेल्ट सैल निघाला, आठवडा गेला. नियम लक्षात ठेवा: दोऱ्याच्या मापापेक्षा बेल्ट चारपाच टक्के आखूड हवा, ताणून बसला पाहिजे.

दुसरा बसला. उत्साहाच्या भरात मी या कामातली सगळ्यात वाईट चूक केली. कार्ट्रिजवर (सुई बसते ती छोटी डबी) तीच १९७०च्या दशकातली सुई होती. ती न बदलता 'रूमर्स'ची पहिली बाजू लावली. नवी सुई आल्यावर पाहिलं, त्या बाजूच्या पहिल्या गाण्यात 'स' आणि 'श' जिथे जिथे येतो तिथे फाटल्यासारखी खरखर राहिली आहे. धुऊन जात नाही, कारण ती घाण नाही, खाचेची भिंत खरवडली गेली आहे. झिजलेली सुई रेकॉर्डवर एकदाही टेकवू नका. चाचणीला रद्दीच्या दुकानातून चाळीस रुपयांची कुठलीही रेकॉर्ड आणा.

आणि आवाज? सगळं झोपेत गायल्यासारखं. बायका पुरुषी आवाजात गातायत, ढोल चिखलात वाजतायत. मामा दारातून म्हणाले, "हेच. हेच होतं तेव्हाही."

वेग तपासायला मामांकडे यंत्राबरोबर आलेली पुठ्ठ्याची स्ट्रोबची चकती होती. तिच्या कडेला काळे दांडे छापलेले असतात. विजेच्या लुकलुकत्या दिव्याखाली ते स्थिर दिसले की वेग बरोबर. घरातले एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत, म्हणून यंत्र उचलून स्वयंपाकघरात नेलं. तिथे अजून चोकवाली जुनी ट्यूब आहे. ओट्यावर ठेवून चालू केलं. दांडे एकदम स्थिर, खिळवून ठेवल्यासारखे.

म्हणजे वेग बरोबर? मग गाणं का झोपलंय? हार्मोनियमवर धरून पाहिलं. फोनवर तेच गाणं लावलं, तर रेकॉर्ड तीन पट्ट्या खाली. काळी चारचं गाणं पांढरी चारमध्ये वाजत होतं.

३० नोव्हेंबर

आठवडाभर मी चकतीवर विश्वास ठेवला आणि कानांवर नाही. कार्ट्रिज, वायरिंग, मोटरचा कपॅसिटर, सगळं उघडून पाहिलं. आज शेवटी सरळ मोजलं. प्लॅटरच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि स्टॉपवॉच लावलं. पन्नास फेऱ्यांना १०८ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला २७.८ फेरे. हवेत ३३ आणि एक तृतीयांश.

यंत्र उलटं केलं. तळाच्या पाटीवर लिहिलंय: ११० व्होल्ट, ६० सायकल.

ही मोटर विजेच्या सायकलींच्या तालावर फिरते. अमेरिकेत सेकंदाला साठ सायकली, आपल्याकडे पन्नास. मामांनी आणलेला ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० व्होल्ट करतो, सायकली पन्नासच राहतात. पन्नास भागिले साठ म्हणजे वेग पाच षष्ठांश. हिशेब तंतोतंत जुळला.

आणि चकती? अमेरिकन चकतीवर २१६ दांडे असतात, साठ सायकलच्या दिव्यासाठी. आपल्या ट्यूबखाली ते दांडे मिनिटाला २७.८ फेऱ्यांना स्थिर दिसतात. यंत्र आणि चकती दोघंही एकाच प्रमाणात चुकत होती, त्यामुळे एकमेकांची साक्ष देत होती. आपल्याकडे १८० दांड्यांची चकती लागते. पीडीएफ मिळते, छापताना आकार शंभर टक्के ठेवा.

मामांना सांगितलं. ते बराच वेळ ट्रान्सफॉर्मरकडे बघत बसले. मग म्हणाले, "मीही तेव्हा चकती लावून पाहिली होती गं. चकती म्हणायची बरोबर आहे. मला वाटलं, माझंच मन लागत नाहीये इथे. म्हणून गाणी जड झालीत." चव्वेचाळीस वर्षं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे काम नीट पूर्ण करायचं हे तेव्हाच पक्कं झालं.

७ डिसेंबर

उपाय दोन. साठ सायकल तयार करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्यायचं, किंवा मोटरवरची पुली मोठी करून घ्यायची. पहिलं महाग, म्हणून पुली.

जुन्या पुलीचा तेहतीसच्या वेगासाठीचा टप्पा व्हर्नियरनं मोजला: ९.५ मिमी. साठ भागिले पन्नास म्हणजे १.२ पट, म्हणून ११.४ मिमी. भोसरीला एका लेथवाल्याकडे गेले. एवढीशी वस्तू म्हणून आधी त्यांनी हातात घेतली नाही, मग कशासाठी हवी ते सांगितल्यावर पितळेच्या सळईतून समोर बसून करून दिली. सहाशे रुपये. मधलं भोक मोटरच्या दांड्याला इतकं नेमकं की अंगठ्यानं दाबून बसली.

घरी लावली. गाणं जागं झालं! पण १८० ची चकती सांगते, दांडे हळूच मागे सरकतायत. वेग साधारण एक टक्का कमी.

१४ डिसेंबर

चूक सापडली, माझीच. बेल्टला जाडी असते. माझा ०.६ मिमीचा आहे, आणि वेग ठरतो तो बेल्टच्या जाडीच्या मध्यावर. त्यामुळे गुणायचं ते पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी याला. ९.५ अधिक ०.६ म्हणजे १०.१. त्याची १.२ पट १२.१२. त्यातून बेल्टचे ०.६ वजा केले की ११.५२ मिमी. मी दिलेल्या मापात ०.१२ मिमी कमी पडलं होतं. पुन्हा भोसरी, पुन्हा सहाशे रुपये. या वेळी लेथवाल्यांनी स्वतःच विचारलं, "गाणं बरोबर लागलं का?" दुसऱ्या पुलीवर दांडे उभे राहिले ते हललेच नाहीत. पन्नास फेऱ्या, नव्वद सेकंद.

एक धोका अजून होता. तासभर चालल्यावर मोटरला हात लावून पाहिला (प्लग काढून), चटका बसला. साठ सायकलसाठी गुंडाळलेली मोटर पन्नासवर तेवढ्याच व्होल्टला जास्त करंट ओढते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं, ११० चे साधारण ९२. एका वाइंडिंगवाल्याकडून ९२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, नऊशे रुपये. आता मोटर कोमट राहते. पुली बदलून लोक इथेच थांबतात आणि वर्षभरात मोटर जाळतात, म्हणून हे ठळकपणे सांगते.

२१ डिसेंबर

नवं कार्ट्रिज आणि सुई बसवली. सुईचा भार दोन ग्रॅम ठेवला, सोनार वापरतात तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून (साडेतीनशे रुपये). फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारी डबी) जोडल्यावर मोठी घुंईंई. टर्नटेबलची बारीक हिरवी अर्थची वायर मी लोंबती ठेवली होती, ती प्रीअँपच्या स्क्रूला लावली, निम्मी घुंई गेली. उरलेली ट्रान्सफॉर्मरची. तो कार्ट्रिजपासून चार फूट लांब नेल्यावर गेली.

२८ डिसेंबर

धुणं. पुण्यातल्या चाळीसहून जास्त पावसाळ्यांत कव्हरांच्या आत बुरशीची पांढरी जाळी धरली होती. पहिली रेकॉर्ड नळाखाली धुतली. आमच्याकडे बोअरचं पाणी मिसळतं. वाळल्यावर खाचांत क्षारांचे ठिपके बसले आणि प्रत्येक ठिपका टकटक वाजू लागला. नंतर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचे दोनतीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा खळाळायची. मधलं लेबल भिजून रंग उतरतो, म्हणून त्यावर दोन्ही बाजूंनी स्टीलच्या वाट्या दाबून धरल्या. ताटं वाळवायच्या जाळीत उभ्या ठेवून रात्रभर सुकवल्या. पाच रेकॉर्ड्सना एक दिवस.

४ जानेवारी

'डार्क साइड'ची पहिली बाजू. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. पातळी ठरवायला सुरुवातीचं अर्धं मिनिट ऐकलं, आवाज फार बारीक वाटला म्हणून वाढवून ठेवली. सुरुवातीला असतात हृदयाचे ठोके, शून्यातून हळूहळू वर येणारे. मिनिटभरानं किंकाळी येते आणि तिथेच सगळं छताला धडकून फाटलं. अख्खी बाजू वाया. आता रीत अशी: आधी पूर्ण बाजू नुसती ऐकायची, सगळ्यात मोठी जागा शोधायची, ती उणे सहा डेसिबलच्या खाली राहील (छत म्हणजे शून्य) इतकी पातळी ठेवायची, मग उतरवायचं.

दुसरी चूक. यंत्राची खालची घरघर काढायला ४० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावला. घरघर गेली, आणि ठोक्यांचा छातीत बसणारा भागही गेला, नुसती टिचकी उरली. फिल्टर काढून टाकला. त्याऐवजी टर्नटेबल लाकडी टीपॉयवरून उचलून भिंतीतल्या दगडी कोनाड्यात ठेवला, घरघर आपोआप कमी झाली.

११ जानेवारी

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

धुऊनही थोडी टकटक उरतेच. सॉफ्टवेअरमध्ये टकटक काढायची सोय असते. मी ती पूर्ण बाजूवर एकदम लावली आणि चहा करायला गेले. आल्यावर घड्याळांचा भाग ऐकला. तिथे खरं तर दुकानभर घड्याळं एकदम वाजून उठायला हवीत. वाजली, पण कुणीतरी त्यांच्यावर गोधडी टाकल्यासारखी. टिकटिक जवळजवळ नाहीशी. दुसऱ्या बाजूची नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट, तेही बोथट. सॉफ्टवेअरला रेकॉर्डवरचा ओरखडा आणि घड्याळाची टिकटिक यांत फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी एक टोकदार उसळी.

हे आवाज कसे मिळवले होते ते आठवून मला फार लागलं. हा अल्बम लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत १९७२ आणि १९७३ मध्ये झाला, ध्वनिमुद्रणाचे इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्स. त्यांनी घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज वेगळा टेप केला होता, मग ते सगळे एका क्षणी वाजतील असे जुळवले. नाण्यांच्या गाण्यात टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापले, टोकाला टोक चिकटवून त्याची माळ केली आणि ती माळ मशीनमधून गोल गोल फिरवत ठेवली. सात आवाज, सात मात्रा. मामा मांडीवर बोटांनी रूपक धरतात त्यावर, आणि तो बसतो. माणसांनी ब्लेडनं मिलिमीटर मोजून ठेवलेले आवाज मी एका बटणानं पुसून टाकले होते.

पुन्हा सुरुवात. आता टकटक हातानं काढते. आलेख मोठा करून बघायचा: ओरखड्याची उसळी सुईसारखी, एकदोन हजारांश सेकंदांत संपते, मागे काही राहत नाही. घड्याळाच्या ठोक्याला शेपूट असते, तो घुमत विझतो. शेपूट दिसली की हात लावायचा नाही. दोन बाजूंना मिळून साडेसात तास लागले. घड्याळं आणि नाण्यांच्या जागांवरचे खरे ओरखडेही काही तसेच ठेवले. चालतील.

पहिल्या बाजूच्या शेवटी गायिका क्लेअर टॉरी यांचा आलाप आहे, त्या भागात तर मी काहीच काढलं नाही. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी संध्याकाळी त्या येऊन शब्दांशिवाय गाऊन गेल्या. मेहनताना मिळाला तीस पौंड, आणि रचनेतला वाटा मात्र २००५ मध्ये, कोर्टात गेल्यावर. त्यांचा श्वास जिथे तुटतो तिथे माझ्या प्रतीत एक टकटक आहे. श्वास राहावा म्हणून तीही ठेवली.

मामांना एक गोष्ट माहीत होती ती मला नव्हती. या अल्बमला अमेरिकेत घराघरांत पोचवणारे कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख भास्कर मेनन, त्रिवेंद्रममध्ये जन्मलेले. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. "आम्ही चार भारतीय पोरं एका खोलीत," मामा म्हणाले, "त्या कंपनीच्या वर आपला माणूस बसलाय म्हणून छाती फुगायची."

१८ जानेवारी

'अ‍ॅबी रोड'. ही मामांनी जायच्या आधी, १९७१ साली मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली, कोलकात्याजवळच्या दमदममध्ये छापलेली भारतीय प्रत. अमेरिकेला नेली आणि परत आणली.

पहिली बाजू उतरवली आणि शेवट अर्ध्यात तुटला. गिटारच्या लाटा चढत चढत जातात आणि मधेच सुरीनं कापल्यासारखी शांतता. वायर सुटली असं समजून दोनदा पुन्हा उतरवलं, सव्वा तास. तिसऱ्या वेळी सुईकडे बघत बसले. सुई खाचांच्या टोकाला पोचली होती. गाणंच तसं आहे. बीटल्समधल्या जॉन लेननच्या सांगण्यावरून टेप तिथेच कापली होती.

दुसऱ्या बाजूला उलटं. शेवटचं गाणं संपलं, शांतता आली, मी सुई उचलली. त्या शांततेनंतर तेवीस सेकंदांचं एक छोटं गाणं आहे, आमच्या कव्हरवर त्याचं नाव नाही. ते काढून टाकायचं ठरलं होतं, पण स्टुडिओतल्या जॉन कुरलँडर या तरुण सहायकाला काहीही फेकायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून त्यानं तो तुकडा टेपच्या शेवटी चिकटवून ठेवला, आणि तो तसाच छापला गेला. सुई आपोआप उचलली जाईपर्यंत किंवा लेबलजवळ फिरत राहीपर्यंत थांबा.

गाणी तोडायला शांतता शोधणारं स्वयंचलित साधन या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला आणि 'डार्क साइड'ला निरुपयोगी आहे. बहुतेक ठिकाणी एकातून दुसरं निघतं, मध्ये शांतताच नाही. मी बाजू अखंड ठेवल्या. मामांनाही तसंच हवं होतं.

२५ जानेवारी

लेड झेपेलिन, १९७१. शेवटचं गाणं लागलं आणि पोटात गोळा आला: ढोल जड, हार्मोनिका ओढल्यासारखी, सगळं संथ. पुली घसरली! धावत चकती लावली. १८० दांडे जागच्या जागी. नोव्हेंबरात चकती खोटी आणि कान खरे होते, आज नेमकं उलटं. ते गाणं मुळातच वेगात वाजवून टेप हळू करून उतरवलेलं आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीला वजन आलंय.

ढोलांचा हा आवाज मी फोनवर शंभरदा ऐकला असेन, पण दिवाणखान्यात स्पीकरवर आज पहिल्यांदा. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याच्या उंच चौकात जॉन बॉनमचे ढोल मांडले होते. इंजिनिअर अँडी जॉन्स यांनी दोनच मायक्रोफोन वर जिन्यात टांगले, जवळ एकही नाही. बाकी बिन्सनचं एको मशीन आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र). ऐकू येतो तो ढोल आणि तो जिना, दोन्ही. मला वाटतं हे अल्बम पन्नास वर्षं टिकले त्याचं एक कारण इथे आहे: खोली आवाजातून वेगळी काढता येत नाही. काय ऐकू यायला हवं ते त्यांनी वाजवतानाच ठरवलं, आणि ठरवल्यावर मागे फिरायची सोय फारशी नव्हती. आज प्रत्येक ढोलाला वेगळा माइक लावून निर्णय सहा महिने पुढे ढकलता येतो. मी हौशी आहे, पण दोन्ही प्रकार एकाच संध्याकाळी एकामागून एक ऐकले आणि मला शंका उरली नाही.

याच अल्बममधलं एक गाणं लेड झेपेलिनचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ मध्ये. मामांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि तबल्याच्या जागी "वा" म्हणाले.

८ फेब्रुवारी

'रूमर्स'. नुकसान झालेलं पहिलं गाणं तसंच उतरवलं. दुसरी जुनी प्रत शोधते आहे.

या अल्बमच्या मूळ टेपचंही असंच झालं होतं. १९७६ मध्ये ध्वनिमुद्रण करताना त्याच टेपवर पुन्हा पुन्हा आवाज चढवत राहिले, टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झडून ढोलांची चमक जाऊ लागली. सुदैवानं सुरुवातीच्या वादनाची एक राखीव टेप होती. हेडफोनच्या एका कानात जुनी, दुसऱ्या कानात नवी टेप लावून, वेग हातानं कमीजास्त करत एका तंत्रज्ञानं दोन्ही जुळवल्या. हे वाचल्यापासून मी रेकॉर्ड विनाकारण वाजवत नाही.

आतापर्यंतचा खर्च: दोन बेल्ट १,३००, दोन पुल्या १,२००, ट्रान्सफॉर्मर ९००, कार्ट्रिज ५,२००, प्रीअँप ३,४००, काटा ३५०, अल्कोहोल, पाणी, ब्रश मिळून ६००. एकूण १२,९५०. यातले बाराशे ते तेराशे माझ्या चुकांचे.

१५ फेब्रुवारी

'सार्जंट पेपर', १९६७. मुद्दाम शेवटी ठेवली होती. दोनदा धुतली.

यातल्या शेवटच्या गाण्यासाठी चाळीस वादकांचा वाद्यवृंद लागला, आणि स्टुडिओत मशीन चार ट्रॅकचं, म्हणजे टेपवर शेजारी शेजारी चारच वेगळे आवाज मावणारं. जागा संपली. तेव्हा तिथले तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी दोन मशीनं एकत्र चालवली: एका टेपवर पन्नास सायकलचा सूर भरला आणि त्या सुरावर दुसऱ्या मशीनची मोटर फिरवली. इंग्लंडातही वीज पन्नास सायकलचीच. मामांना हे वाचून दाखवलं तर ते उठून यंत्राजवळ गेले आणि पितळेच्या पुलीवरून बोट फिरवून आले. पुढच्या वर्षी, जानेवारी १९६८ मध्ये, बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन मुंबईत फोर्टच्या एचएमव्ही स्टुडिओत आले आणि इथल्या वादकांकडून एका गाण्याची वाद्यसाथ ध्वनिमुद्रित करून घेऊन गेले.

त्या शेवटच्या गाण्याच्या अखेरीला तीन पियानोंवर एकच स्वरमेळ एकदम वाजवला आहे. चाळीसहून जास्त सेकंद तो विझत जातो. तो विझत असताना इंजिनिअर आवाजाची पातळी वर वर नेत राहिले, इतकी की शेवटी खोलीतलं सगळंच ऐकू येऊ लागलं. तिथे एक खुर्ची करकरते. रेकॉर्ड जराही घाण असली तर ती करकर खरखरीत बुडते, म्हणून दोनदा धुतली.

ही बाजू उतरवताना मामा हेडफोन लावून बसले होते. खुर्चीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. स्वरमेळ वाजला, आलेखावरची रेघ बारीक होत गेली. मामांचे डोळे मिटलेले. मग त्यांनी उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि तशीच धरून ठेवली. पुढच्याच क्षणी माझ्या स्पीकरमध्ये खुर्ची करकरली. बोट खाली आलं.

"तिथेच आहे अजून," ते म्हणाले, आणि मला दुसरी बाजू परत लावायला सांगितली.

यंत्र त्यांच्याकडेच ठेवलं आहे. पुढचे आठवडाभर वाजवणार नसाल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा, असं कागदावर लिहून कोनाड्यात चिकटवलं. उरलेल्या पंचवीस रेकॉर्ड्सची यादी मामांनी करून ठेवली आहे, क्रम लावून.